मेसेज पाठवला, पण पोहोचला का?

(घाटकोपर पश्चिमेला झालेल्या विद्यार्थी मेळाव्यातील भाषणाचा थोडा संपादित मजकूर)



मला दिलेला विषय आहे, विद्यापीठं आणि कॉलेजं सोशल मीडियातून विद्यार्थ्यांशी कसं बोलतात. आयोजकांपैकी एकाने फोनवर सांगितलं, "भाई, तुम्ही सॉफ्टवेअरवाले. मुलांना जरा इन्स्टाग्राम-व्हॉट्सअॅपबद्दल सांगा." मी हो म्हटलं आणि घरी बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "मग माझीच गोष्ट सांग ना. ती तर तुला चांगली माहीत आहे." तिच्या परवानगीने सांगतो. ती आज इथेच आहे, मागे नोंदणीच्या टेबलावर बसली आहे. तिच्याकडे वळून बघू नका, ती चिडेल.

आम्ही मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातले. अब्बा नोकरीसाठी मुंबईत आले, मी इथेच वाढलो. माझं इंजिनिअरिंग २०१२ साली मुंबई विद्यापीठातून झालं. आमच्या वेळी कॉलेजात नोटीस बोर्ड असायचा. काचेची पेटी, तिला छोटं कुलूप, आत टाचणीने लावलेले कागद. परीक्षेचा फॉर्म निघाला की त्या पेटीसमोर गर्दी व्हायची, आणि ज्याची उंची कमी तो मागून ओरडायचा, "शेवटची तारीख वाच रे!" त्रास होता. पण कागद तिथेच असायचा. दोन दिवस आजारी पडलात तरी तिसऱ्या दिवशी वाचता यायचा.

बहीण माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. ती उपनगरातल्या एका कॉलेजात बी.कॉम.ला गेली तेव्हा बोर्ड होता, पण त्यावर मागच्या वर्षीचे कागद पिवळे पडत होते. सगळं व्हॉट्सअॅप ग्रुपवर. प्रवेश अर्जात 'विद्यार्थ्याचा मोबाइल क्रमांक' असा रकाना होता. त्यात आम्ही माझा नंबर लिहिला. तिच्याकडे स्वतःचा फोन होता, तरी माझा लिहिला. अब्बा म्हणाले, "ग्रुपमध्ये दीडशे पोरं असतील, सगळ्यांना तिचा नंबर दिसेल. कशाला?" मी मान डोलावली. मला ते तेव्हा शहाणपणाचंच वाटलं.

तर ग्रुप माझ्या फोनवर. रोज सकाळी फुलांचे फोटो, प्राध्यापकांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा, कुठल्याशा स्पर्धेत बक्षीस मिळाल्याचे फोटो, त्याखाली साठ टाळ्या. आठवडाभरात मी ग्रुप म्यूट केला. अधूनमधून बघायचो, काही असलं तर तिला सांगायचो. निदान मला तसं वाटायचं.

२०१९च्या सुरुवातीला तिच्या पाचव्या सत्राचा निकाल लागला, एका विषयात केटी आली. केटीचा फॉर्म कधी निघेल याची ती वाट बघत होती. कॉलेजात विचारलं तर उत्तर मिळे, "ग्रुपवर येईल." तो आला, एका शुक्रवारी संध्याकाळी. तिरका काढलेला कागदाचा फोटो, शेवटची तारीख मंगळवार. मी तो मेसेज नऊ दिवसांनी बघितला. ग्रुपमध्ये २१४ न वाचलेले मेसेज होते आणि हा त्यांच्या मध्ये कुठेतरी होता.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी तिच्याबरोबर कॉलेजात गेलो. खिडकीतल्या क्लार्कबाईंनी शांतपणे सांगितलं, "ग्रुपवर टाकलं होतं." मी म्हटलं, मॅडम, आम्हाला दिसलं नाही. त्या पुन्हा म्हणाल्या, "ग्रुपवर टाकलं होतं ना." विलंब शुल्काची तारीखही गेली होती. सहावं सत्र ती व्यवस्थित पास झाली, पण केटीची परीक्षा पुढच्या हिवाळ्यात द्यावी लागली आणि त्या जूनमध्ये एम.कॉम.चा प्रवेश हुकला. पुढच्या जूनपर्यंत लॉकडाऊन आलं. त्यानंतर काय काय झालं ते तिचं खासगी आहे.

परत येताना रिक्षात ती मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आता मी ज्या धंद्यात आहे तिथली एक साधी गोष्ट सांगतो. आमच्याकडे रात्री सर्व्हर बंद पडला तर ड्यूटीवरच्या माणसाच्या फोनवर अलर्ट जातो. तो माणूस 'मी बघतोय' असं बटण दाबेपर्यंत अलर्ट पुन्हा पुन्हा वाजतो. ठरावीक मिनिटांत दाबलं नाही तर आपोआप त्याच्या वरच्याला जातो. वरच्यानेही उचललं नाही तर त्याच्या वरच्याला. सकाळी कुणी "मी तर मेसेज टाकला होता" असं म्हटलं तर त्याला कुणी विचारणार नाही. पाठवणं हे अर्धं काम मानलं जातं. इंटरनेटसुद्धा असंच चालतं. तुम्ही वेबसाइट उघडता तेव्हा माहिती तुकड्यातुकड्यांनी येते, आणि तुकडा मिळाल्याची पोच परत जाते. पोच आली नाही तर पाठवणारा तो तुकडा पुन्हा पाठवतो. ही पद्धत गेल्या शतकातली, सत्तरच्या दशकातली आहे. आपल्या संस्थांना फोन मिळाले, पण पोच घेण्याची सवय मिळाली नाही.

आणि व्हॉट्सअॅप ग्रुप मुळात यासाठी बनलेलाच नव्हता. २०१६ मध्ये एका ग्रुपची मर्यादा २५६ लोकांची केली गेली. कॉमर्सच्या दोन तुकड्या म्हटल्या की ग्रुप भरला, मग 'ग्रुप २', मग 'ग्रुप २ न्यू'. कुठला मेसेज कुठल्या ग्रुपवर पडला याचा हिशेब कुणाकडे नाही. फक्त अॅडमिनलाच लिहिता येईल अशी सोय २०१८च्या मध्यावर आली, पण कित्येक ग्रुपमध्ये ती आजही चालू केलेली नसते. मर्यादा २०२२ मध्ये आधी ५१२, मग १०२४ झाली. उशिरा प्रवेश घेतलेल्या मुलाला आधीचे मेसेज आपोआप दिसत नाहीत. आणि उशिरा प्रवेश कोण घेतं? ज्याच्या फीची जमवाजमव शेवटपर्यंत चालते तो, ज्याचा जातीचा किंवा उत्पन्नाचा दाखला अडकतो तो. म्हणजे ज्याला माहितीची गरज जास्त, त्याच्या फोनवर ग्रुप रिकामा.

अब्बांची भीती मात्र अगदी खोटी नव्हती, हेही सांगायला हवं. ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. इथे बसलेल्या मुलींना मी काय सांगणार, अनोळखी 'हाय' तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहेत. यावर उपाय आता त्याच अॅपमध्ये आहे. चॅनेलची सोय भारतात २०२३ मध्ये आली. त्यात फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. कम्युनिटीच्या घोषणांच्या ग्रुपमध्येही इतर सभासदांपासून नंबर झाकलेला राहतो. कॉलेजने हे वापरलं तर घरातला हा वाद निम्मा मिटतो. तरी चॅनेलमध्येही एक मेख आहे. ते सुरू करताना कंपनीने सांगितलं होतं की जुने मेसेज तीसच दिवस ठेवले जातील. इन्स्टाग्रामची स्टोरी तर २४ तासांत जाते. विलेपार्ल्याच्या किंवा पवईच्या कॉलेज फेस्टिव्हलची जाहिरात स्टोरीवर ठीक आहे, ती उद्या गेली तरी चालेल. त्यात आपली मुलं-मुली तरबेज आहेत, ती पानं बघून मलाच पुन्हा कॉलेजात जावंसं वाटतं. पण फी परत मिळण्याचा अर्ज, शिष्यवृत्ती, केटीचा फॉर्म हे ज्या दिवशी लागतं त्या दिवशी सापडलं पाहिजे.

आता कॉलेजवरून विद्यापीठावर येऊ. मुंबई विद्यापीठ १८५७ चं. मुंबई शहर, उपनगर, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सात जिल्हे त्याच्याकडे आहेत. मुलुंडची मुलगी आणि दोडामार्गची मुलगी एकाच परीक्षा विभागाच्या. शिवाय १९७१ पासून दूरशिक्षण आहे, ज्याला आपण सगळे आयडॉल म्हणून ओळखतो. आपल्यातले किती जण नोकरी करता करता आयडॉलमधून शिकले, हात वर करा. बघा, जवळजवळ अर्धे. आयडॉलच्या विद्यार्थ्याला रोज कॉलेज नाही, वर्गमित्र नाहीत. त्याच्यासाठी वेबसाइट आणि फोन हेच विद्यापीठ.

२०१७ तुम्हाला आठवत असेल, किंवा तुमच्या मोठ्या भावंडांना नक्की आठवत असेल. त्या उन्हाळी परीक्षांचे पेपर स्कॅन करून संगणकावर तपासायचे ठरलं. उत्तरपत्रिका सतरा लाखांच्या आसपास, आणि पूर्वतयारी अपुरी. निकाल रखडले. राज्यपालांनी ३१ जुलैची मुदत दिली, तीही हुकली. ज्यांना परदेशात किंवा दुसऱ्या राज्यात प्रवेश घ्यायचा होता त्यांचे हाल झाले. ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पदावरून हटवलं गेलं. या सगळ्यात मला एक गोष्ट लक्षात राहिली. ट्विटरवर मुलं राज्यपालांना, शिक्षणमंत्र्यांना टॅग करून विचारत होती, माझा निकाल कधी? विद्यार्थ्याला आपल्या परीक्षा विभागाला विचारायला जागा नव्हती म्हणून तो राज्याच्या प्रमुखाला विचारत होता. सोशल मीडियाचा सर्वात प्रामाणिक वापर त्या वर्षी विद्यार्थ्यांनी केला, पण समोरच्या बाजूला तो वाचून प्रत्येकाला उत्तर देईल अशी व्यवस्था नव्हती.

२०२० मध्ये पुन्हा तेच, वेगळ्या रूपात. अंतिम वर्षाच्या परीक्षा होणार की नाही? राज्य सरकार नको म्हणत होतं. यूजीसीने ६ जुलैला घ्यायच्याच असं सांगितलं. २८ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की परीक्षेशिवाय पदवी नाही. या मधल्या आठवड्यांत माझ्या फोनवर किती खोटी परिपत्रकं आली असतील! लेटरहेड असलेली, शिक्का असलेली. पुढे ऑक्टोबरमध्ये आयडॉलची ऑनलाइन परीक्षा सुरू झाली आणि तांत्रिक बिघाडाने थांबली. विद्यापीठाने सायबर हल्ल्याचा संशय घेऊन पोलिसांत तक्रार केली. पेपर पुढे गेला ही बातमी काही जणांना लॉगिन होत नाही म्हणून स्क्रीनसमोर बसल्यावरच कळली. अफवा पसरते कारण अधिकृत माहिती उशिरा येते. ती रिकामी जागा कुणीतरी भरतंच. फॉरवर्ड करणाऱ्या मुलांना दोष देणं सोपं आहे, पण भुकेल्याला कोणी काय वाढलं हेही बघायला हवं.

आता उलट बाजू. २०१८च्या जुलैत केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाच्या उच्च शिक्षण सचिवांचं एक पत्र देशभरच्या संस्थांना गेलं. प्रत्येक संस्थेने एक 'सोशल मीडिया चॅम्पियन' नेमावा, ३१ जुलैपर्यंत फेसबुक, ट्विटर, इन्स्टाग्रामवर खाती उघडावीत, दर आठवड्याला निदान एक चांगली बातमी टाकावी, इतर संस्थांच्या चांगल्या बातम्या पुढे पाठवाव्यात. आणि सर्व विद्यार्थ्यांची खाती संस्थेच्या व मंत्रालयाच्या खात्यांशी जोडावीत. शेवटच्या मुद्द्यावर ओरड झाली, पाळत ठेवणार का असं लोकांनी विचारलं. माझी हरकत त्याच्या आधीच सुरू होते. त्या यादीत चांगली बातमी टाकायची होती. विद्यार्थ्याचा प्रश्न आला तर किती दिवसांत उत्तर द्यायचं, याचं कलम मला त्यात दिसलं नाही.

बोलायचं ते संस्थेने, आणि बघायचंही तिनेच. गेल्या वर्षी, म्हणजे मे २०२५ मध्ये, पुण्यातल्या एका अभियांत्रिकी कॉलेजच्या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीने इन्स्टाग्रामवर दुसऱ्याची एक पोस्ट पुढे टाकली. चूक कळल्यावर थोड्या वेळात काढली, माफी मागितली. कॉलेजने तिचं म्हणणं न ऐकताच तिला काढून टाकलं, पोलिसांनी अटक केली. २७ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने तिला जामीन दिला, काढून टाकण्याचा आदेश स्थगित केला, तिला परीक्षेला बसता यावं म्हणून. त्या पोस्टशी तुम्ही सहमत असा वा नसा. माझा मुद्दा वेगाचा आहे. विद्यार्थ्याने काय लिहिलं हे संस्थेला दोन दिवसांत दिसतं, विद्यार्थ्याने काय विचारलं हे महिनोन्महिने दिसत नाही. म्हणून कॉलेजचं खातं फॉलो करा, पण तुमचं खासगी खातं कॉलेजच्या खात्याशी जोडायचं की नाही हे तुम्ही ठरवा. अभ्यासाच्या कामासाठी वेगळं ईमेल ठेवा, तेवढं पुरतं.

आणि एक उदाहरण आपल्या शेजारचं. इथून चेंबूर किती? बसने अर्धा तास. २०२४च्या मे महिन्यात तिथल्या एन. जी. आचार्य आणि डी. के. मराठे महाविद्यालयाने ड्रेस कोडच्या सूचना काढल्या. त्यात हिजाब, नकाब, बुरखा, टोपी, बॅज यांना मनाई होती. या सूचना विद्यार्थ्यांपर्यंत गेल्या त्या कॉलेजच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून आणि वेबसाइटवरून. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या. २६ जूनला याचिका फेटाळली गेली. त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि ९ ऑगस्टला तिथे हिजाब, टोपी, बॅजपुरत्या मनाईला अंतरिम स्थगिती मिळाली. वर्गात बुरख्याला परवानगी मात्र दिली नाही.

हिजाबबद्दल या हॉलमध्ये दोन मतं आहेत, माझ्या घरातही आहेत. आज त्यात शिरत नाही. मला हे प्रकरण दुसऱ्या कारणासाठी महत्त्वाचं वाटतं. कॉलेजच्या ग्रुपवर आलेला मेसेज ही गप्पांची गोष्ट नाही. तो आदेश असतो, आणि न्यायालयात आदेश म्हणूनच वाचला जातो. त्या मुलींना काय, कधी आणि कुठे सांगितलं गेलं हे त्या दाखवू शकल्या. मग हेच आपल्या केटीच्या फॉर्मलाही लागू होतं. जो आदेश आहे त्याला क्रमांक हवा, तारीख हवी, सही करणाऱ्याचं पद हवं. तिरक्या फोटोत यातलं काहीच दिसत नसेल तर लगेच, नम्रपणे, लेखी विचारा: सर, याची वेबसाइटवरची लिंक मिळेल का? एकाने विचारलं तर दुर्लक्ष होईल. चाळीस जणांनी विचारलं तर लिंक येते. मी येताना पाहिली आहे.

हे सगळं चांगलं करता येतं का? येतं. अमेरिकेत अटलांटाला जॉर्जिया स्टेट युनिव्हर्सिटी आहे. तिथे अनेक मुलं घरातली पहिली पदवीधर होणारी. त्यांच्या लक्षात आलं की प्रवेश मिळालेली काही मुलं उन्हाळ्यातच गळतात, कारण एखादा फॉर्म राहतो, फीची मदत अडकते, विचारायला कोणी नसतं. २०१६ मध्ये त्यांनी साध्या टेक्स्ट मेसेजवर उत्तरं देणारा बॉट लावला. तो प्रत्येकाला त्याचंच सांगायचा: तुझा अमुक कागद बाकी आहे. मुलगा रात्री अकरा वाजता उलट विचारू शकायचा. उत्तर येत नसेल तर प्रश्न माणसाकडे जायचा. त्या उन्हाळ्यातली गळती एकवीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली. बघा, त्यात रील नव्हती, डिझाइन नव्हतं. ज्याचं काम अडलंय त्याला नावाने सांगणं आणि त्याचं ऐकणं, इतकंच होतं. आपल्याकडे परीक्षा विभागाकडे प्रत्येकाचा नंबर आहे आणि कुणी फॉर्म भरलेला नाही हेही सिस्टीमला माहीत असतं. शेवटच्या तारखेच्या तीन दिवस आधी फक्त त्यांनाच एक एसएमएस पाठवायचा. एका दुपारचं काम आहे, मी फुकट करून देईन. (टाळ्या नकोत, एका ठिकाणी हे बोललो होतो, अजून उत्तर आलेलं नाही.)

आता आमचा स्वतःचा उद्योग आणि त्याची फजिती. बहिणीचं ते झाल्यावर मला अपराधी वाटत होतं. इंजिनिअर माणूस, अपराधी वाटलं की प्रोग्राम लिहितो. मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती दर तासाला परिपत्रकांचं पान बघायची आणि नवीन काही दिसलं की आमच्या वस्तीतल्या मुलांच्या ग्रुपवर टाकायची. सुंदर चाललं, सात महिने. मुलं त्यावर विसंबली. मग एक दिवस त्या पानाची मांडणी बदलली आणि माझी स्क्रिप्ट गप्प झाली. चुकली असती तर मला एरर दिसली असती. ती चुकली नाही, तिला नवीन काही 'दिसलंच' नाही. अकरा दिवस ग्रुपवर शांतता, आणि सगळ्यांनी समजून घेतलं की नोटीस नाही. एका मुलाचा पुनर्मूल्यांकनाचा अर्ज राहिला. त्याच्या घरी जाऊन मी माफी मागितली. त्याची अम्मी म्हणाली, "बाबा, तू निदान आलास तरी."

तेव्हापासून ते काम यंत्र करत नाही. तीन मुली आळीपाळीने करतात. रोज रात्री नऊला ग्रुपवर काहीतरी येतंच. नवीन नसेल तर "आज नवीन परिपत्रक नाही, नऊ वाजता पाहिलं" असं येतं. हे वाक्य मला माझ्या सगळ्या कोडपेक्षा जास्त आवडतं. नोटीस असेल तर त्या मराठीत दोन ओळी लिहितात, खाली उर्दूत एक ओळ, कारण उर्दू माध्यमातून आलेल्या काही जणांना इंग्रजी परिपत्रक जड जातं. कुणासाठी, शेवटची तारीख, फी, अधिकृत लिंक. आणि शेवटच्या तारखेच्या दोन दिवस आधी, ज्यांचा ग्रुपवरचा नंबर भावाचा, वडिलांचा किंवा नवऱ्याचा आहे अशा चौदा जणींना फोन. फोन दुसऱ्याने उचलला तर "तिला द्या" म्हणायचं आणि ती येईपर्यंत थांबायचं. हे फोन करणारी कोण, ते ओळखलंच असेल तुम्ही.

हे आपण करतोय म्हणून संस्था मोकळी होत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ आपण फक्त अर्ज करण्यासाठी वापरतो. त्याचं कलम ४ वाचा. सार्वजनिक संस्थेने माहिती स्वतःहून जाहीर करायची आहे, आणि ती पसरवताना स्थानिक भाषा आणि त्या भागात सर्वात परिणामकारक ठरणारी पद्धत यांचा विचार करायचा आहे. कायद्यातच लिहिलंय. "ग्रुपवर टाकलं होतं" याला हे कलम उत्तर आहे. दुसरं, २०२३ मध्ये यूजीसीने विद्यार्थी तक्रार निवारणाचे नियम काढले. प्रत्येक कॉलेजात तक्रार निवारण समिती हवी, ऑनलाइन तक्रार देण्याची सोय हवी, समितीने पंधरा कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, समाधान झालं नाही तर विद्यापीठाच्या ओम्बड्सपर्सनकडे अपील. तुमच्या कॉलेजच्या वेबसाइटवर ही समिती आहे का, उद्याच शोधा. माझ्या ओळखीच्या पाच मुलांनी शोधलं, दोघांना सापडली. बाकीच्या तिघांनी प्राचार्यांना पत्र लिहिलं. एका कॉलेजने पंधरवड्यात समितीचं पान टाकलं. इन्स्टाग्रामवर ओरडून जे झालं नसतं ते आवक क्रमांक घेतलेल्या एका कागदाने झालं. म्हणून पत्र देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायला विसरू नका. ती तुमची पोच.

वडीलधारी मंडळी मागच्या रांगेत बसली आहेत, त्यांच्याशी एक मिनिट. चाचा, अब्बा, मुलीचा नंबर कॉलेजला देऊ नये असं तुम्हाला का वाटतं ते मला कळतं. मी त्याच घरातला आहे. पण तिच्या शिक्षणाचा निरोप जर आपल्या खिशात येत असेल, तर तो नऊ दिवस आपल्याच खिशात पडून राहू शकतो. माझ्या खिशात राहिला. मी शिकलेला होतो, पगारदार होतो, तिच्यावर माझा जीव होता, तरी राहिला. तिच्याकडे फोन आहे, अॅपमध्ये नंबर झाकायची सोय आहे, कुणी त्रास दिला तर तक्रारीची जागाही आहे. अब्बांना हे पटायला मला एक वर्ष लागलं. शेवटी पटलं ते माझ्या बोलण्याने नाही, केटीच्या फॉर्मच्या पावतीने. ती त्यांनी अजून कपाटात ठेवली आहे.

वेळ झाली, आयोजक खुणा करत आहेत. मागच्या टेबलावर दोघी बसल्या आहेत. चहा घ्यायच्या आधी त्यांच्याकडे जा आणि कॉलेजच्या पोर्टलवर लॉगिन करून बघा की तुमच्या नावापुढे कुणाचा मोबाइल नंबर आहे. बदलायचा असेल तर अर्जाचा नमुना तिथे आहे, मराठीत आणि उर्दूत. पेन मात्र आपापला आणा, मागच्या वेळी सहा पेन परत आले नाहीत.